वाघळदेवाल्यांचं घर

वाघळदेच्या मंगलाबाईला रस्ता विचारायची सवय नाही. सदुसष्ट वर्षं झाली, पण 'अमुक ठिकाणी कसं जायचं हो' असं तिने कुणाला विचारल्याचं घरात कुणाला आठवत नाही. एकदा सुरतेला भाचीचं घर शोधताना ती एकाच चौकातून तीनदा फिरून आली आणि शेवटी म्हणाली, शहर बघत होते. नवरा रतिलाल हा किस्सा अजून पाहुण्यांना सांगतो, आणि स्वयंपाकघरात तिला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगतो.

तर अशी ही बाई मार्गशीर्षातल्या एका सकाळी नंदुरबारच्या स्टँडवर एस.टी.तून एकटीच उतरली, पदर खोचला आणि जुन्या गावाच्या दिशेने चालू लागली. नंदुरबार तिला परकं नव्हतं. मिरची विकायला, दाताच्या डॉक्टरकडे, लग्नाचं कापड घ्यायला ती शेकडो वेळा आली होती. पण जुन्या बाजाराच्या मागे जो मणियार मोहल्ला आहे, तिथे तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. टाकायचं कारणच पडलं नव्हतं. तिथलं जे काही हवं असायचं ते आपल्या पायांनी तिच्या अंगणात यायचं.

यायचा तो मणियार. खांद्यावर बांगड्यांच्या माळा, मागे पेटी, आधी सायकल आणि पुढे निळी लुना. तापीकाठच्या गुजरांच्या गावांत प्रत्येक गावाचा मणियार ठरलेला. बापाचं गाव मुलाकडे जायचं, दुसऱ्याने तिथे पेटी उघडायची नाही. घरच्या पुरुषांखेरीज गावातल्या बायकांचा हात धरायची मुभा एका त्यालाच. म्हणून तो सगळ्यांचा भाऊ. बांगड्या भरून झाल्या की बाई त्याला वाकून नमस्कार करायची, मग ती पाटलाची सून असो नाहीतर शेतात निंदायला येणारी. मंगलाबाई एकोणीस वर्षांची नवरी होऊन वाघळदेला आली तेव्हा याच मणियाराच्या बापाने तिचे हात भरले होते आणि हा मिसरूड फुटलेला पोरगा पेटीजवळ बसून माळा सोडवत होता. पुढे तिच्या मुलींचे हात यानेच भरले. सून प्रतिभा आली तेव्हा तिचेही.

आता नात कामिनीचं लग्न अकरा दिवसांवर आलं होतं. प्रतिभाने हळूच सुचवलं होतं की शालूला शोभतील असे तयार सेट शहाद्याच्या दुकानात मिळतात, घेऊन टाकू. मंगलाबाई म्हणाली, या घरातली नवरी मणियाराच्या हातचा चुडा भरते, मी जाऊन त्याला सांगून येते. तो पाच वर्षांत फिरकला नाही, याची प्रतिभाने आठवण करून दिली आणि बोलता बोलता तिची नजर नवऱ्याकडे गेली. हेमकांत मोबाइलमध्ये बघत होता. तो बघतच राहिला.

मणियार का येत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. करोनाच्या वर्षी गावातल्या पोरांनी वेशीवर बांबू बांधला होता आणि त्या पोरांचा म्होरक्या हेमकांत होता. त्या मे महिन्यात मोबाइलवर नाही नाही ते फिरत होतं. अमक्या लोकांकडून भाजी घेऊ नका, तमक्यांना दारात उभं करू नका. हेमकांतने मणियाराला बांबूवरून परत पाठवलं, तो मानी माणूस, पुन्हा आला नाही, अशी ती गोष्ट. ही गोष्ट घरात पहिल्यांदा सांगितली मंगलाबाईने. त्यानंतर संक्रांतीला, श्रावणात, कुणाच्या डोहाळजेवणात, जेव्हा जेव्हा बांगड्यांचा विषय निघाला तेव्हा तिने मुलाला चार माणसांत सुनावलं. हेमकांत ऐकून घ्यायचा.

खरं असं होतं की मणियार वेशीकडे गेलाच नव्हता. तो केळीच्या मळ्यातल्या पायवाटेने भर दुपारी मंगलाबाईच्या मागल्या दारी आला होता. विकायला काही आणलं नव्हतं, पेटीसुद्धा नव्हती. दोन महिने घरात बसून त्याची काय गत झाली असेल हे त्याच्या गालांकडे बघून कळत होतं. त्याने 'मंगलाबहिन' अशी हाक मारली. ती तिथेच, हाताच्या अंतरावर पीठ मळत होती. तिने त्याला पाहिलं, त्याने तिला पाहिलं, आणि तिने उठून दार लोटून कडी घातली. आजाराची भीती म्हणावी तर त्याच संध्याकाळी तिने हातगाडीवाल्या परक्या माणसाकडून आंबे घेतले, आणि निवडून, दाबून घेतले. हे फक्त दोघांना माहीत होतं. एक ती आणि दुसरा तो.

म्हणून ती एकटी निघाली होती. मनात सगळं आखलेलं होतं. जायचं, त्याच्या घरी बसायचं, कामिनीच्या लग्नाचं सांगायचं, बुधवारी ये म्हणायचं. इतक्या वर्षांचा घरोबा, तो काही नाही म्हणायचा नाही. मागचा विषय काढायचं कारण नाही. तो शहाणा माणूस आहे, तोही काढणार नाही. माफी वगैरे गोष्टी मंगलाबाईने आयुष्यात कुणाकडे मागितल्या नव्हत्या आणि या वयात नवीन सवयी लावून घ्यायचा तिचा विचार नव्हता.

मिरचीच्या वखारींवरून जाताना ती चार वेळा शिंकली, भांड्यांच्या दुकानांशी डावीकडे वळली, आणि विटांच्या एका जुन्या कमानीखालून आत शिरली. कमानीच्या माथ्यावर पिंपळाचं रोप उगवलं होतं. आत पाऊल टाकताना तिने पदर डोक्यावर घट्ट ओढून घेतला. मोबाइलवर पाहिलेलं सगळं तिच्या डोक्यात होतं. इथे गेल्यावर लोक कसे रोखून बघतील, मग आपण त्यांच्याकडे कसं बघायचं, हेही तिने एस.टी.त ठरवून ठेवलं होतं.

कुणीही बघितलं नाही. बेकरीवाला पत्र्याच्या ताटांतले टोस्ट पिशव्यांत भरत होता. शिंपी शाळेच्या गणवेशांना बटणं लावत होता. एका ओट्यावर बोकड उभा होता आणि थंडी म्हणून कुणी तरी त्याला लहान मुलाचा जुना लाल स्वेटर चढवला होता. बोकडाने मात्र तिच्याकडे बघितलं. मंगलाबाईला जरा अपमानच वाटला. आपण इतकं धाडस करून यावं आणि कुणी दखलही घेऊ नये, हे काही बरोबर नाही.

गल्ली पुढे अरुंद होत गेली. दोन्हीकडे सागवानी खांबांची जुनी घरं होती, काळ्या दगडाचे ओटे, वरच्या मजल्याला लाकडी जाळ्या. हा साग सातपुड्यातला, हे तिला बघताक्षणी कळलं, कारण तिच्या घराचे खांबही तसलेच. एका वळणावर लहानशी दगडी मशीद होती. चुना दिलेली, हौदात पाणी, हौदाशी एक म्हातारा बाह्या सारून पाय धूत होता. मशिदीसमोर विहीर होती. तिच्या काठावर दोरांनी घासून बोट बुडेल इतक्या खाचा पडल्या होत्या. मंगलाबाई थांबली. वाघळदेच्या विहिरीला अशाच खाचा आहेत आणि त्यातल्या दोन-तीन तरी आपल्या हातच्या, असं ती नेहमी म्हणते. तिने खाचेत बोट घालून पाहिलं आणि पुढे चालू लागली.

पण आता जायचं कुठे? समोर तीन वाटा फुटल्या. तिने तिन्हींकडे आळीपाळीने बघितलं, एकीत शिरून परत आली, दुसरीत शिरून परत आली. विहिरीपलीकडच्या ओट्यावर एक पिंजारीण पाय पसरून रजई शिवत बसली होती. तिने हे सगळं पाहिलं होतं. तिसऱ्यांदा मंगलाबाई विहिरीशी आली तेव्हा तिने सुई रजईत खोचून ठेवली आणि तोंडभर हसून विचारलं, कुणाकडे जायचं आहे. विचारणं तिकडून झालं, आपण विचारलं नाही, एवढं समाधान मंगलाबाईने पदरात पाडून घेतलं.

"आमना मणियार कोठे ऱ्हास?" ती म्हणाली.

"आठे समदा मणियारच शेतस," पिंजारीण म्हणाली. "नाव सांग."

इथे सगळेच मणियार, तेव्हा नाव हवं. मंगलाबाईने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. नाव तिला माहीत नव्हतं. हा माणूस चहात साखर घेत नाही हे माहीत होतं. त्याच्या बापाला खोकला होता, हा पावसात डावा पाय ओढत चालतो, भरताना बांगडी फुटली तर तिचे पैसे लावत नाही, सगळं माहीत होतं. जवळजवळ चाळीस वर्षं त्याने तिचा हात हातात धरला होता. पोरं मामा म्हणायची, बायका भाऊ म्हणायच्या, रतिलाल 'अरे मणियार' म्हणायचा. त्याला काही नाव असेल हे घरात कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं. मंगलाबाईला आपले कान गरम झाल्यासारखे वाटले. शेवटी ती पुटपुटली, मणियारभाऊ.

पिंजारीण इतकी हसली की तिने रजई बाजूला ठेवली. तिचं नाव सुग्राबी. हसून झाल्यावर तिने विचारलं, "कोनता गावनी शे तू?"

"वाघळदे."

"मंग आसं सांग ना. वाघळदेवाला!"

मग सुग्राबी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिच्यापुढे चालू लागली. मोहल्ल्यात मणियारांची वीसेक घरं, आणि प्रत्येक घराला नाव गावाचं. ज्याच्या बापजाद्यांनी ज्या गावच्या बायकांचे हात भरले, त्या गावाचं. हे खांडबारावाल्यांचं घर, सुग्राबी दाखवत होती. हे नवापूरवाले, यांची पोरं आता कोंबड्यांच्या फार्मवर कामाला आहेत. या वरच्या माळ्यावर पूर्वी रेल्वेने आलेल्या काचेच्या बांगड्यांच्या पेट्या रचलेल्या असत आणि मांजर माळ्यावर चढलं की सगळी गल्ली श्वास रोखून उभी राही. ती मशीद कुणी बांधली ते तिला नक्की ठाऊक नव्हतं, पण तिच्या सासऱ्याच्या आज्याने मशिदीतल्या गाद्यांचा कापूस पिंजला होता, हे तिने दोनदा सांगितलं. मंगलाबाई एरवी दुसऱ्याचं इतकं ऐकून घेत नाही. पण ती मुकाट्याने मागे चालली होती.

तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी सुग्राबीने बोट केलं. निळ्या दाराचं घर, पुढच्या खोलीत बांगड्यांचं छोटं दुकान, वर पत्र्याची पाटी. मंगलाबाई चौथीपर्यंत शिकलेली, अक्षरं लावून लावून वाचते. तिने वाचलं: वाघळदेवाला चुडी सेंटर. खाली बारीक अक्षरांत, प्रो. इसाक मणियार.

आपल्या गावाचं नाव शहरातल्या भिंतीवर बघून आधी तिची छाती फुगली. ते तिच्या स्वभावातच आहे. पण लगेच दुसरा विचार आला आणि तिने पाटी पुन्हा वाचली. या पाटीला रंग नवा होता. ज्या गावाने त्याच्या तोंडावर दार लावलं, त्या गावाचं नाव या माणसाने अजून घरावर ठेवलं होतं. नुसतं ठेवलं नव्हतं, रंगवून घेतलं होतं. तिला लाज वाटली.

इसाक मणियार आत गादीवर बसला होता. वाळला होता, चष्मा जाड झाला होता. त्याने तिला बघितलं आणि काल भेटल्यासारखं म्हणाला, ये बहिन, बस. सुनेला चहा टाकायला सांगितलं. रतिलालची चौकशी केली, केळीला यंदा भाव कसा ते विचारलं. त्याच्या सुनेने चहा देता देता सहज विचारलं की अब्बांनी वाघळदेला जाणं का सोडलं, घरात इतकं नाव निघतं त्या गावाचं. मंगलाबाई बशीतला चहा फुंकू लागली. इसाक म्हणाला, लुना जुनी झाली होती, लांबचा पल्ला झेपत नव्हता. एवढं बोलून तो चहा पिऊ लागला. बिनसाखरेचा.

मंगलाबाईने मग आखलेलं सगळं बोलून टाकलं. कामिनीचं लग्न, रविवारचा मुहूर्त, बुधवारी ये, गाडी पाठवते, लुनाची काळजी नको. तिला वाटलं, झालं. इसाकने कप खाली ठेवला.

"मी वाघळदेले येवाव नही, बहिन," तो म्हणाला. "पोरले आठे लई ये. आठे मी तिना हात भरी देसू."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मंगलाबाईला सोपं गेलं असतं, रागावणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं हे तिला चांगलं येतं. येणार नाही म्हणाला, आणि भरून देईन असंही म्हणाला. नवरीने हळदीच्या तोंडावर घराबाहेर पडायचं, ते या गल्ल्यांतून चालत, गावातल्या बायकांना घेऊन. चार पिढ्या आम्ही तुमच्या अंगणात आलो, आता एकदा तुम्ही या, असं त्याने म्हटलं नाही, पण तिला ते ऐकू आलं. तिने पदर सारखा केला आणि बुधवारी अकरा वाजता येतो असं सांगून ती उठली. विचार करून सांगते असं म्हणणं तिच्या तोंडात बसत नाही.

घरी तिने ताटावर बसताना जाहीर केलं. प्रतिभाचा घास हातात राहिला. तिची अडचण खरी होती. व्याही काय म्हणतील, गावात काय बोलतील, नवरी कुठे गेली म्हणून विचारलं तर काय सांगायचं. मंगलाबाई म्हणाली, खरं ते सांगायचं, चुडा भरायला गेली म्हणून. रतिलाल म्हणाला की पन्नास वर्षांत हिने माझं ऐकलं नाही, आता तुमचं कुठून ऐकेल. कामिनी नाशिकला नर्स आहे. ती म्हणाली, आजी, मला चालेल. हेमकांतने जेवण संपवलं. मग हात धुता धुता म्हणाला, क्रूझर सांगून ठेवतो, मीच चालवीन.

बुधवारी क्रूझरमध्ये अकरा बायका कोंबल्या गेल्या. भाऊबंदांतल्या काही आल्या, काहींनी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. मंगलाबाईच्या शेतात वर्षानुवर्षं कामाला येणारी रूपलीबाई न बोलावताच दारात येऊन उभी राहिली, मणियाराने माझ्याही लग्नात हात भरले होते म्हणाली, आणि पुढच्या सीटवर बसली. विटांच्या कमानीशी गाडी थांबवावी लागली, पुढे ती जात नाही. तिथून सगळ्या पायी निघाल्या. मंगलाबाई सगळ्यांत पुढे.

आणि काय तिची ऐट. एका भेटीच्या जोरावर ती मोहल्ल्याची मालकीण झाली होती. हा बेकरीवाला, याची खारी चांगली. हा बोकड, थंडी सोसत नाही त्याला. ही विहीर, बघ कामिनी, खाचा बघ, आपल्यासारख्याच. मशिदीशी एकीने विचारलं, ही कुणी बांधली. मंगलाबाई क्षणभर थांबली आणि ठणकावून म्हणाली, जुन्या लोकांनी. नवापूरवाल्यांचं घर खांडबारावाल्यांचं म्हणून सांगितलं आणि खांडबारावाल्यांचं नवापूरवाल्यांचं. ओट्यावरून सुग्राबीने हे ऐकलं आणि दुरुस्त केलं नाही. घराघरांच्या दारात आता बायका आल्या होत्या, कारण नवरी बघायला कुठलीही बाई दारात येतेच. कुणी तरी कामिनीच्या हातात साखरफुटाणे ठेवले. सगळ्यांच्या मागून हेमकांत नारळ, साडी आणि शिध्याची पिशवी घेऊन येत होता.

इसाकने पांढरा झब्बा घातला होता. खोलीत धुतलेली सतरंजी अंथरली होती. त्याने कामिनीचा हात हातात घेतला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिलं, आणि माप न विचारता हिरव्या काचेची माळ ओढली. बोटं एकत्र चेपून, तळवा वळवून तो एकेक बांगडी चढवत गेला. दोन्ही हातांतला चुडा कोपराजवळ आला तरी एकही काच तडकली नाही. कामिनीने वाकून नमस्कार केला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे पुसायला चष्मा काढला. प्रतिभा रडत होती.

मग बाकीच्यांची पाळी. नवरीनंतर मान आजीचा, पण मंगलाबाई म्हणाली, तुम्ही भरून घ्या. एक झाली, दुसरी झाली, प्रत्येक वेळी ती म्हणाली, आधी तुमचं होऊ दे. मंगलाबाई मागे राहते याचं सगळ्यांनाच नवल वाटलं. ती भिंतीला टेकून बसली होती आणि स्वतःशी हिशेब मांडत होती. आपली पाळी आली की हात पुढे करायचा. झालं की वाकायचं. रीतच आहे वाकायची. त्याला कळेल की या वेळचा नमस्कार कशाचा आहे. बोलायची गरज नाही.

रूपलीबाईच्या बांगड्या भरून झाल्या. ती हात वाजवत उठली, दारात पिशवी धरून उभ्या असलेल्या हेमकांतकडे बघून हसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, बघा, यानेच बांबू लावून मणियाराला परत धाडलं आणि आज कसा गरीब गाईसारखा उभा आहे. बायका हसल्या. प्रतिभा हसली नाही, तिने मान फिरवली. हेमकांतही हसला, आणि त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. इसाक खाली बघून माळेची गाठ सोडवत होता. त्याने मान वर केली नाही. आज आपल्या घरात, आपल्या सुनेसमोर, तो एक शब्द बोलला असता तरी त्याला कुणी नाव ठेवलं नसतं. तो बोलला नाही.

मंगलाबाईने ते दोघे पाहिले. एक दारातला आणि एक गादीवरचा. दोन्ही माणसं तिच्या खोट्यापायी गप्प होती, आणि ती त्यांच्या गप्प राहण्यावर बसून राहिली होती. तिला स्वतःची इतकी चीड आली की तिने दोन्ही हात पुढे केले ते चापट मारल्यासारखे केले.

"भाऊ मन्हा मांगला दारले वना व्हता," ती मोठ्याने म्हणाली. "दार मी लाई दिधं. हेमकांतनी नही."

मागल्या दारी आला होता, दार मी लावलं. शब्द सोपे होते, तरी बायकांना ते समजायला वेळ लागला. रूपलीबाईने हळूच पदर तोंडाला लावला. मंगलाबाई इसाककडे बघत होती, मुलाकडे बघायची तिची हिंमत नव्हती. इसाक म्हणेल ते ऐकून घ्यायचं, हेमकांत ओरडला तर ओरडू द्यायचं, एवढं तिने ठरवलं होतं.

पण इसाकच्या आधी दारातून आवाज आला.

"माले ठाव व्हतं, माय," हेमकांत म्हणाला. "मी गच्चीवर व्हतू."

तो दुपारी जेवून वर गेला होता. केळीतून येणारा माणूस त्याने पाहिला होता, हाक ऐकली होती, कडीचा आवाज ऐकला होता. त्यानंतर पाच वर्षं आईने त्याला चार माणसांत बोल लावले, बायकोने मनात अढी धरली, रूपलीबाईसारखीने आता सगळ्यांसमोर हसं केलं, आणि त्याने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. एवढं सगळं त्याने सांगितलं नाही. तो पुन्हा पिशवीकडे बघू लागला. पण मंगलाबाईला एका क्षणात सगळं दिसलं. घरातलं पान हललं तरी आपल्याला कळतं, असा तिचा दावा होता. तिच्या छपराखाली तिचा मुलगा पाच वर्षं हे घेऊन जेवत होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

तिला रडू आलं. ती आवाज करून रडली, पदर न लावता, लहान पोरीसारखी. प्रतिभा उठून नवऱ्याजवळ जाऊन उभी राहिली आणि तिने त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. मंगलाबाईचे हात अजून पुढेच होते, पण मुठी अशा आवळल्या होत्या की नखं तळव्यात रुतत होती. इसाकने तिचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"हात ढिला सोड, बहिन," तो म्हणाला. "काच तुटी जाई."

तिने मूठ सोडली. त्याने तिच्या मापाची माळ न शोधता ओढली, बोटं चेपली आणि पहिली बांगडी चढवली. मग दुसरी, मग तिसरी. सहा भरून झाल्या तेव्हा त्याने दुसरा हात मागितला.